दोन राउंड पळून दाखव

सातारा,
२८ जानेवारी

प्रिय मंजू,

पदकाचा फोटो मिळाला. मुंबईच्या गर्दीत, न थांबता, दहा किलोमीटर! शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून झाडाखाली बसणारी तू हीच का, असं मी ह्यांना दोनदा विचारलं. अगदी मनापासून अभिनंदन.

पण फोनवर तू जे म्हणालीस ना, "आता मी पूर्ण फिट आहे, पुढच्या वर्षी एकवीस," त्यावर मला बोलायचंय. फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस, म्हणून पत्र. एकवीस खुशाल कर. त्याआधी एकदा आठशे मीटर, म्हणजे मैदानाचे दोन राउंड, पळून बघ. ऐंशी मिनिटांत दहा किलोमीटर नाही, फक्त आठशे मीटर, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून. मग आपण फिटनेसवर बोलू.

हसलीस ना? मीही हसले होते.

आमच्या घराजवळच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीच्या मुली येतात. कोरेगाव, वाई, जावळीकडच्या. खोली करून राहिलेल्या. अंधारात येतात, डब्यात भिजवलेले हरभरे. मी फेऱ्या मारायला जाते, आणि मास्तरीण म्हटलं की मुली आपोआप येऊन बोलतात, त्यामुळे त्यांचं सगळं गणित मला पाठ झालंय. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, पन्नास गुणांचं. त्यात मुलींना ८०० मीटरचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलग्यांना आठशेच्या जागी सोळाशे. पन्नासातले निम्मे पडले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. आणि आठशेचे वीसच्या वीस हवे असतील तर टायमिंग २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत.

तुझ्या दहा किलोमीटरच्या वेगाने आठशे मीटरला किती लागतात, काढलंस का? मी काढलं. ६ मिनिटं २४ सेकंद. तेवढ्यात ती जावळीची पोरगी आठशे संपवून, पाणी पिऊन, बूट सोडून बसलेली असते. आणि जगाचं म्हणशील तर चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोखविलोव्हाने १९८३ मध्ये म्युनिकला १ मिनिट ५३.२८ सेकंदांचा विक्रम केला, तो अजून तसाच आहे. आपली टिंटू लुका २०१० मध्ये १:५९.१७ पळाली. हे आकडे वाचून मान डोलवणं सोपं असतं. मैदानात चारशे मीटर गेल्यावर त्यांचा अर्थ कळतो.

आधी ह्यांची गंमत सांगते. हे सातारा हिल हाफ मॅरेथॉनवाले, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने परत येणारे, त्यामुळे घरात पळण्यावरचा शेवटचा शब्द ह्यांचा. "आठशे म्हणजे काय, वॉर्मअप," म्हणाले. मुलींचा सराव घेणाऱ्या सरांनी शिट्टी मारली आणि हे मुलींच्या पुढे! पहिला राउंड छान झाला, मुलींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पाचशेच्या आसपास गाडी मंदावली, सहाशेला कमरेवर हात आला, आणि शेवटचे शंभर मीटर चालत आले. नंतर कितीतरी वेळ गवतावर आडवे. मला म्हणतात, "घाटात असं कधी होत नाही." सर शांतपणे म्हणाले, "घाटात तुम्ही तुमच्या मर्जीनं पळता, साहेब."

मला ते वाक्य फार पटलं. आपण हौशी लोक लांब पळतो तेव्हा वेग आपण ठरवतो. दम लागला की हळू होतो, बोलता बोलता पळतो, पाण्याच्या टेबलापाशी थांबतो. शरीर त्यात तरबेज होतं, ह्यात वाद नाही. पण मांड्यांमधले जे जलद स्नायूतंतू असतात, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढताना किंवा सुटणारी एसटी पकडताना लागतात ते, त्यांना हळू पळण्यात जवळपास कामच नसतं. आणि वय वाढतं तसे पहिले झिजतात तेच. म्हणजे तू वर्षभर रोज पळशील आणि तरी शरीराचा एक भाग घरी बसलेलाच राहील.

दुसरी गोष्ट श्वासाची. जोरात सुटलं की स्नायूंना लगेच ऊर्जा हवी असते, पण फुप्फुसं आणि हृदय पूर्ण जोरावर यायला मिनिट-दीड मिनिट जातं. तोवर शरीर ऑक्सिजनवाचून साखर जाळून वेळ मारून नेतं. त्यामुळे पहिले दोनशे मीटर इतके हलके वाटतात की आपण पंचविशीत आहोत असा भास होतो. बिल मागाहून येतं. स्नायूंत आम्लता वाढते, पाय जड होतात. (लोक ह्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचंही. दुसऱ्या दिवसापर्यंत ते रक्तात उरलेलंही नसतं. तासाभरात निघून जातं. दुखतात ते स्नायूंतले बारीक घाव. हे तुझ्या त्या ग्रुपमधल्या कोचला सांग.) तरीसुद्धा आठशे मीटरची निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्याच जोरावर येते, आपल्यासारख्या सावकाश पळणारीची तर त्याहून जास्त. म्हणून तुझं दहा किलोमीटर वाया गेलेलं नाही. ते अपुरं आहे, एवढंच माझं म्हणणं.

मी पळाले त्या दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, पहिला राउंड दुसऱ्याच्या लग्नाला आल्यागत पळायचा. दुसरा घरच्या." मी अक्षरशः तसंच केलं. मुली पुढे निघून गेल्या, मी फक्कीच्या आतल्या रेषेला धरून. दोनशेपर्यंत काहीच नाही. तीनशेला श्वासाचा आवाज स्वतःलाच ऐकू यायला लागला. चारशेला सर ओरडले, "दोन दहा!" आणि मला वाटलं, झालं की, निम्मं झालं. इथेच हे अंतर फसवतं. पाचशे ते सातशे ह्या पट्ट्यात मंजू, कोणतीही समजूत चालत नाही. लांबच्या पळण्यात मी मनात गाणी म्हणते, भाजी काय करायची ते ठरवते. तिथे डोक्यात एकच गोष्ट होती, थांब. मांड्या आपल्या नाहीतच असं वाटलं, तोंडात लोखंडाची चव आली, हात कुठे ठेवावेत कळेना. वळणावर एक मुलगी ओरडली, "मॅडम, हात हलवा, पाय येतात मागनं!" आणि खरंच आले. ४ मिनिटं २६ सेकंद. दुपारपर्यंत कोरडा खोकला येत होता. सर म्हणाले, होतो असा, थंड कोरडी हवा जोरात ओढली की. मुलींनी माझं टायमिंग त्यांच्या वहीत लिहिलं, सगळ्यांत खाली, पण लिहिलं.

ह्या अंतराचा इतिहास ऐकलास तर तुला राग येईल. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळल्या. जर्मनीची लीना राडके २:१६.८ मध्ये जिंकली, जागतिक विक्रम केला. वर्तमानपत्रांनी काय छापलं? बायका धडाधड कोसळल्या, हे अंतर त्यांच्या प्रकृतीला झेपत नाही. प्रत्यक्षात अंतिम शर्यतीतल्या नऊच्या नऊ जणींनी ती पुरी केली होती. पळून झाल्यावर कुणी आडवी झाली असेल तर आमचे हेसुद्धा झाले होते! पण तेवढ्यावरून ही शर्यतच काढून टाकली, आणि १९६० च्या रोमपर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना दोनशे मीटरच्या पुढे पळू दिलं नाही. हे मी मुलींना सांगितलं तर वाईची एक म्हणाली, "मॅडम, तेव्हा पळायला बंदी, आणि आता पळालं नाही तर नोकरी नाही."

आणि आपल्याच जिल्ह्यातली ललिता बाबर. माण तालुक्यातल्या मोही गावची, खो-खो खेळणारी पोर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली. तिथेच राहिली असती तरी नाव झालंच असतं. पण तिने अंतर कमी केलं: बेचाळीस किलोमीटरवरून तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसवर आली, अडथळे आणि पाण्याच्या उड्यांसकट. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय बाई. लांब पळणारीला छोट्याकडे वळणं ही उतरती पायरी वाटते. तिला वाटली नाही.

आता तुझं. तुझी बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा आधी तुमच्या डॉक्टरांना विचार, आणि "पळू का" असं नाही, "जीव तोडून पळू का" असं विचार. त्यांनी हो म्हटलं तर आठवड्यातला एकच दिवस ह्यासाठी ठेव, बाकीचे तुझे नेहमीचे. पंधरा मिनिटं हळू पळून अंग तापव. मग दोनशे मीटर जोरात, दोनशे चालत. चार वेळा पुरे. तीन-चार आठवड्यांनी दोनशेचे चारशे कर. छातीत किंवा डाव्या हातात काही वेगळं वाटलं तर तिथल्या तिथे थांबायचं, शूरपणा करायचा नाही. ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सकाळी आत सोडतात का, ते विचार. रस्त्यावर नको करूस. जोरात पळताना खड्डा दिसत नाही.

तू पाडव्याला येतेयस, म्हणजे हातात दोन महिने आहेत. आदल्या दिवशी सकाळी आपण दोघी पळू. शिट्टी सर मारतील, टायमिंग मुली घेतील, आणि ह्यांनाही पुन्हा पळायचंय, पण ते आपल्या मागून, असं मी ठरवून टाकलंय. येताना नवे कोरे बूट आणू नकोस, वापरलेलेच आण. पुरणपोळी पळून झाल्यावर, आधी मागितलीस तरी मिळणार नाही.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते कळव.

तुझीच,
शुभा