रस्त्यावर उतरणे नव्हे, रस्त्यावरून पुन्हा उडणे महत्त्वाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फिनलंडमध्ये महामार्गावर उतरणाऱ्या लढाऊ विमानाचे छायाचित्र आपल्या दैनिकात ठळकपणे प्रसिद्ध झाले, याचा आनंद वाटला. मात्र त्याखालच्या ओळीत ‘आपत्कालीन धावपट्टीवर थरारक लँडिंग’ असे म्हटले होते आणि त्यातल्या ‘आपत्कालीन’ या एका शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे. भारतीय वायुसेनेत ग्राउंड क्रूमध्ये, म्हणजे जमिनीवर विमाने सज्ज करणाऱ्यांत, माझी नोकरी झाली, त्यामुळे अशा छायाचित्रात माझी नजर आधी विमानाकडे न जाता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टँकरकडे आणि माणसांकडे जाते. फिनलंडमध्ये जे घडते ते आपत्कालीन नसते. ते ठरवलेले असते, दरवर्षी गिरवलेले असते आणि त्यात उतरणे हा निम्म्याहून कमी भाग असतो.

फिन्निश भाषेत अशा जागेला ‘मान्तिएतुकिकोह्ता’ म्हणतात. मान्तिए म्हणजे रस्ता आणि तुकिकोह्ता म्हणजे तळ. त्यांच्या शब्दात धावपट्टी नाही, आणीबाणीही नाही. रस्त्यावरचा तळ एवढाच त्याचा अर्थ आहे. तळ म्हटला की तिथे इंधन हवे, क्षेपणास्त्रे हवीत, ती बसवणारे हात हवेत, संपर्कयंत्रणा हवी, आग विझवणारी गाडी हवी, पहारा हवा. नुसता दोन किलोमीटरचा सरळ, रुंद डांबरी पट्टा म्हणजे तळ नव्हे.

ही पद्धत फिनलंडमध्ये का रुजली, हे त्या देशाचा नकाशा पाहिला की कळते. रशियाशी त्यांची सीमा सुमारे 1340 किलोमीटरची आहे आणि लढाऊ विमानांचे नेहमीचे तळ मोजकेच आहेत. उत्तरेला रोव्हानिएमी आणि पूर्वेला कुओपिओजवळचे रिस्साला हे त्यांतले प्रमुख. 1947 च्या पॅरिस शांतता कराराने फिनलंडच्या हवाई दलाला 60 विमाने आणि 3000 माणसे एवढीच मर्यादा घालून दिली होती. ज्याच्याकडे मोजकीच विमाने आहेत, त्याला ती जमिनीवर उभी असताना गमावणे परवडत नाही. 6 सप्टेंबर 1965 रोजी पठाणकोटला आपली विमाने तळावर उभी असतानाच जळाली आणि 5 जून 1967 रोजी इजिप्तच्या हवाई दलाचा बहुतांश भाग काही तासांत धावपट्ट्यांवरच संपला. फिनलंडमधले रस्त्यावरचे तळही त्याच दशकातले आहेत. शत्रूला ठाऊक असलेल्या दोन-चार जागी विमाने ठेवण्याऐवजी ती जंगलातल्या रस्त्यांवर विखरून द्यायची आणि जागा बदलत राहायचे, असा हा विचार आहे.

या सवयीचे मूळ त्याहून जुने आहे. 30 नोव्हेंबर 1939 ला सुरू होऊन 105 दिवस चाललेल्या हिवाळी युद्धात सोव्हिएत हवाई दलाच्या तुलनेत फिनलंडची विमाने अगदीच थोडी होती. तेव्हा त्यांनी गोठलेल्या तलावांचे तळ केले, विमानांना चाकांच्या जागी स्की लावल्या आणि ती काठच्या झाडीत दडवली. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून विमानाच्या नाकावर कापडाचे आच्छादन टाकून आत शेगडी पेटवणारे मेकॅनिक त्या युद्धातल्या छायाचित्रांत दिसतात. मला वैमानिकांच्या पराक्रमाइतकाच त्या मेकॅनिकांचा आदर वाटतो.

आजच्या सरावाचे नाव ‘बाना’ आहे. सप्टेंबर 2022 मध्ये योउत्सा येथे हेलसिंकीहून थेट उत्तर टोकाला जाणारा चौथ्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग त्यासाठी बंद करून वाहतूक दुसरीकडे वळवली होती. सप्टेंबर 2023 मध्ये तेर्व्हो येथील रस्त्यावर नॉर्वेची एफ-35ए आणि ब्रिटनची टायफून विमाने उतरली. एफ-35ए जातीचे विमान महामार्गावर उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. सप्टेंबर 2024 मध्ये लॅपलंडच्या रानुआ भागातील होसियो येथे अमेरिकेची एफ-35 विमानेही आली. वर्तमानपत्रांनी छापली ती ही उतरणारी विमाने. तेर्व्हो येथे नॉर्वेच्या विमानांत इंजिन चालू ठेवूनच इंधन भरले गेले आणि ती पुन्हा आकाशात गेली, ही त्या दिवसाची खरी बातमी होती, असे मला वाटते.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. उतरलेले लढाऊ विमान जितका वेळ रस्त्यावर थांबते, तितका वेळ ते सर्वांत दुबळे असते. म्हणून विमान थांबते न थांबते तोच टँकरची नळी जोडली जाते, रिकाम्या झालेल्या जागी क्षेपणास्त्रे चढवली जातात, चाके, ब्रेक, तेल आणि इंजिनाचे तोंड तपासले जाते आणि वैमानिक बहुधा आसनावरून न उठताच पुढची सूचना घेतो. हे काम करणाऱ्यांमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी आलेली विशीतली मुलेही असतात. फिनलंडमध्ये ही सेवा 165 ते 347 दिवसांची असते, ती पुरुषांना बंधनकारक आहे आणि 1995 पासून स्त्रियाही स्वेच्छेने ती करू शकतात. सेवा संपवून घरी गेलेला तरुण पुढे राखीव दलात राहतो. म्हणजे कोणत्या टँकरची नळी कुठे जोडायची, हे ठाऊक असलेला माणूस उद्या एखाद्या शाळेत शिकवत असेल किंवा लाकडाच्या कारखान्यात काम करत असेल, आणि बोलावणे आले की तो त्या रस्त्यावर हजर होईल.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या सफाईची आहे. एक बोटाएवढा खडा इंजिनात खेचला गेला तर कोट्यवधींचे इंजिन निकामी होऊ शकते. आमच्या तळावर सकाळी सारे एअरमन खांद्याला खांदा लावून ओळीने धावपट्टीवर चालत आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचत. तळावर कुंपण असते आणि वाहने ठरावीक असतात, तरी हे रोज करावे लागे. ज्या रस्त्यावरून कालपर्यंत लाकडाचे ट्रक गेले, तिथे हे काम किती कठीण असेल याची कल्पना करावी. झाडूची यंत्रे फिरवावी लागतात, फलक काढावे लागतात, दोन्ही बाजूंची झाडे वर्षानुवर्षे मागे हटवलेली ठेवावी लागतात, आणि त्या देशात एल्क किंवा रेनडियर रस्त्यावर येणार नाही याकडेही लक्ष द्यावे लागते.

विमानाची निवडही या पद्धतीला पूरक ठरली. फिनलंडने 1990 च्या दशकात 64 ‘हॉर्नेट’ लढाऊ विमाने घेतली आणि त्यांतली एकआसनी 57 विमाने आपल्याच देशात जोडली. हॉर्नेट हे मुळात विमानवाहू जहाजासाठी बनवलेले असल्याने त्याची चाके जोराचा आदळा सहन करतात आणि शेपटीखालचा हूक आडव्या तारेत अडकवून ते थोड्या अंतरात थांबवता येते. अशी तार फिनलंडमध्ये रस्त्यावरही बसवली जाते. गोव्यातील वाचकांना हे नवे वाटणार नाही, कारण दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर नौदलाची विमाने जमिनीवरच तार अडकवण्याचा सराव करतात. डिसेंबर 2021 मध्ये फिनलंडने हॉर्नेटच्या जागी 64 एफ-35ए घेण्याचे ठरवले. या विमानाची देखभाल अधिक नाजूक असूनही त्यांनी रस्त्यावरचे तळ सोडून दिलेले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे 21 मे 2015 रोजी यमुना द्रुतगती मार्गावर मिराज-2000 हे लढाऊ विमान उतरले. 9 सप्टेंबर 2021 रोजी राजस्थानात बाडमेरजवळच्या राष्ट्रीय महामार्गावरील पट्ट्याचे उद्घाटन झाले आणि 2 मे 2025 रोजी शाहजहानपूर येथे गंगा द्रुतगती मार्गावर रात्रीच्या अंधारातही सराव झाला. वायुसेनेचा एक जुना माणूस म्हणून मला या प्रत्येक बातमीचा अभिमान वाटला. पण या पट्ट्यांचे नावच आपण ‘आपत्कालीन लँडिंग सुविधा’ असे ठेवले आहे आणि चाके टेकवून लगेच वर जाणारे विमान पाहिले की आपले समाधान होते. तिथे इंधन कोण, किती वेळात भरणार, शस्त्रे कोठून येणार, आसपासच्या गावांना कोणते काम दिलेले आहे, हे प्रश्न आपण विचारत नाही.

गावांचा सहभाग आपल्याला परका नाही. डिसेंबर 1971 मध्ये भूजची धावपट्टी बॉम्बवर्षावाने उखडली तेव्हा तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाकेला ओ देऊन माधापर गावच्या सुमारे 300 महिलांनी 72 तासांत ती पुन्हा उभी केली. कर्णिक मराठी, म्हणून ही हकिगत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावीच. त्या महिलांना असे काम त्यापूर्वी कोणी शिकवले नव्हते, भोंगा वाजला की त्या झुडपांत लपत आणि पुन्हा कामाला येत. फिनलंडने तेच काम शांततेच्या काळात शिकवायचे ठरवले आहे, एवढाच फरक मला दाखवायचा आहे.

म्हणून आपणास विनंती आहे की, यापुढे फिनलंडच्या किंवा आपल्या देशातील अशा सरावाची बातमी देताना ‘रस्त्यावरचा हवाई तळ’ असा शब्द वापरावा आणि विमान किती मिनिटांत पुन्हा उडाले, ते कोणी सज्ज केले, ही माहिती मिळाली असल्यास ती छायाचित्राखाली अवश्य छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वायुसैनिक, नाशिक