डाव्या हाताचे काम

सांगली

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास की गालांवर आजोबांचा वस्तरा आता सुरळीत चालतो, पण जबड्याची कड, गळा, वरचा ओठ आणि हनुवटी या ठिकाणी दर वेळी कुठे ना कुठे रक्त निघतेच. पडद्यावर हात करून मी तुला दाखवण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यात उजव्याचे डावे दिसते आणि पात्याचा कल तर मुळीच कळत नाही. म्हणून आज दुकान बंद केल्यावर गिऱ्हाइकाच्या खुर्चीतच बसून हे सविस्तर लिहीत आहे. आधी शांतपणे सगळे वाच आणि मग आरशासमोर उभा राहा.

एक गोष्ट पहिल्यांदा कबूल करतो. पस्तीस वर्षे मी लोकांच्या दाढ्या केल्या, तरी स्वतःच्या गळ्यावर उघडा वस्तरा फिरवणे मलाही वेगळे शिकावे लागले. गिऱ्हाईक मान मागे टाकून बसलेले असते, मला त्याच्या भोवती फिरता येते आणि माझे डोळे पात्यापासून हातभर अंतरावर असतात. तुझ्याजवळ यातले काहीच नाही. तुझा डावा हात तुझ्याच चेहऱ्यावरून आडवा जातो, कोपराने आरसा झाकला जातो आणि नकळत मान ताठ होते. त्यामुळे तुझा हात वाईट आहे असे मनात आणू नकोस. तू जर्मनीला जाण्यापूर्वी तुला समोर उभे करून हे दाखवणे माझे काम होते, ते राहून गेले, याची मला हळहळ आहे.

एखादे काम सोपे असले की आपण त्याला डाव्या हाताचा मळ म्हणतो. वस्तऱ्याच्या कामात मात्र जे जे अवघड ते सगळे डाव्या हाताकडे असते. पाते सरळ आहे आणि चेहरा उंचसखल आहे; पाते वळवून तू चेहऱ्याच्या चढउतारांमागे धावू लागलास की त्याचा कल बदलतो आणि तेथेच कातडी कापली जाते. म्हणून डाव्या हाताने कातडी ओढून ती सपाट जागी आणावी आणि पाते फक्त तेवढ्या सपाट जागेवर फिरवावे. गालाची कातडी आपोआपच सपाट असते, म्हणून तेथे तुझे निभावले.

कल म्हणजे पाते आणि कातडी यांच्यातला कोन. तो साधारण 30 अंशांचा असावा. पाते त्याहून चपटे धरले तर केस कापला न जाता ओढला जातो आणि उभे धरले तर ते कातडी खरवडते. 1904 साली किंग जिलेट यांना ज्या सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले, त्यात हा कल रेझरची बांधणीच सांभाळते. आपल्या वस्तऱ्यात तो तुझ्या मनगटाला सांभाळावा लागतो. दुसरे म्हणजे पाते नेहमी धारेला काटकोनात, पुढेच सरकले पाहिजे. सुरीसारखे ते आडवे सरकले की दाब असो वा नसो, चीर पडतेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. सतरा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली, जबडा जेथे वळतो तेथे, माझे पाते जेमतेम अर्धा इंच आडवे सरकले. त्या माणसाला काही कळलेसुद्धा नाही. प्रथम पांढऱ्या फेसात एक बारीक लाल रेघ उमटली, आणि मग ती रुंद होत गेली. तुरटीने रक्त थांबेना. आजोबांनी मला बाजूला सारले, स्वच्छ कापड त्या जागी पाच मिनिटे घट्ट दाबून धरले, गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि उरलेली दाढी स्वतः केली. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी मला रोज संध्याकाळी फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो वस्तऱ्याने काढायला लावला. तूही महिनाभर हे कर. गोल पृष्ठभागावर कल सांभाळणे म्हणजे काय, हे फुग्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही.

आता पाण्याचे. 'बिनपाण्याने हजामत' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. कोरडा केस राठ असतो; कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला फारच कमी अडतो. ओठावरचे आणि हनुवटीचे केस सर्वांत जाड असतात, म्हणून फेस तेथे सर्वांत आधी लावावा आणि वस्तरा तेथे सर्वांत शेवटी न्यावा. तुमच्याकडचे पाणी जड असेल आणि फेस लवकर विरत असेल, तर ब्रशवर साबण थोडा अधिक घे. डाव्या हाताची बोटे मात्र टॉवेलने कोरडी कर आणि ओली तुरटी त्या बोटांच्या टोकांना चोळ. तुरटीमुळे कातडी बोटांखालून निसटत नाही. आपण तुरटी दाढीनंतर लावतो हे तुला माहीत आहे, पण मला स्वतःला तिचा हा आधीचा उपयोग अधिक मोलाचा वाटतो.

जबड्याच्या कडेवर पाते कधीच चालवू नये, असे म्हटले तरी चालेल. डाव्या हाताची दोन बोटे कानाजवळ, कल्ल्यांच्या वर ठेवून कातडी वर ओढ आणि मान किंचित दुसऱ्या बाजूला झुकव. जबड्याखालची दोन बोटे रुंदीची कातडी वर चढून गालाच्या सपाटीवर येईल. तेथे तिच्यावरचे केस काढायचे आणि मग ती सोडून द्यायची. उजव्या बाजूला हेच करताना डावा हात डोक्यावरून पलीकडे न्यावा लागतो. आरंभी ते अवघडल्यासारखे वाटेल, पण चेहऱ्यापुढून हात नेलास तर तुला काहीच दिसणार नाही.

गळ्यावर मी थोडा अधिक थांबतो, कारण तुझा बराचसा त्रास तेथलाच आहे आणि मला वाटते की त्याचे कारण वेगळे आहे. गालावरचे केस बहुधा खाली जातात, गळ्यावरचे मात्र कोठे आडवे, कोठे कानाकडे, तर कॉलरजवळ सरळ वरच्या दिशेने वाढतात. आपल्या घराण्यात तर गळ्याच्या डाव्या बाजूला भोवराच आहे. आजोबांना होता, मला आहे आणि लहानपणी तुझ्या मानेवरची लव तशीच फिरलेली मी पाहिली आहे. दोन दिवस दाढी वाढू दे आणि बोटाची टोके गळ्यावरून चारही दिशांनी फिरव. ज्या दिशेने खुंट टोचत नाहीत, ती केसांची दिशा. हा नकाशा कागदावर काढून आरशाजवळ लाव. तू वरून खाली पाते ओढतोस तेव्हा भोवऱ्यापाशी नकळत उलटी दाढी करत असतोस आणि तेथे जे लाल पुरळ येते, ते त्यामुळेच. उलट्या हाताने, आणि तेही ओढून ताणलेल्या कातडीवर, कापलेला केस कातडीच्या खाली जातो, वाढताना वाकडा होऊन आतच रुततो आणि तेथे पुळी येते. तेव्हा पुढचे तीन महिने गळ्यावर उलटी दाढी अजिबात करू नकोस. खुंट थोडे राहिले तर राहू देत.

कंठमण्यावरही पाते न्यायचे नाही. तेथली कातडी दोन बोटांनी बाजूला ओढली की ती कंठमण्यावरून सरकून शेजारच्या सपाट भागावर येते. ती तेथेच साफ करावी, मग दुसऱ्या बाजूला ओढून उरलेली करावी. कोणी आवंढा गिळून श्वास धरून ठेवतात; त्याने कंठमणी वर जातो आणि क्षणभर जागा मोकळी होते, पण पाते गळ्यावर असताना पुन्हा गिळावेसे वाटले तर काय, म्हणून मला ती रीत पसंत नाही. मानही फार मागे टाकू नकोस. ती फार ताणली की कंठमणी आणखी पुढे येतो.

वरच्या ओठासाठी ओठ दातांवरून खाली ओढून घे, म्हणजे नाकाखालची पन्हळ पसरून जवळजवळ सपाट होते. मग डाव्या हाताच्या बोटाने नाकाचे टोक वर उचल आणि पाते अर्ध्या अर्ध्या इंचाच्या टप्प्यांनी खाली आण. ओठाच्या कडेला पोचण्याआधीच हात थांबला पाहिजे. आजोबांच्या वस्तऱ्याचे टोक गोल आहे हे तुझे भाग्य, चौकोनी टोक नाकपुडीपाशी फार बोचते. हनुवटीवर खालचा ओठ दातांवर आत वळवून घे, म्हणजे ओठाखालचा खळगा भरून येतो. आणि हनुवटीची कातडी आधी डावीकडे, मग उजवीकडे ओढून एकेक बाजू समोर आण.

हे सगळे एकाच सकाळी करायला जाऊ नकोस. पहिले दोन आठवडे गाल वस्तऱ्याने आणि बाकीचा चेहरा साध्या रेझरने कर, मग जबडा, त्यानंतर गळा, आणि ओठ व हनुवटी सर्वांत शेवटी. वर्गाला उशीर होत असेल त्या दिवशी वस्तरा उघडूच नये. तो हातातून निसटला तर झेलायला जाऊ नकोस, पाय मागे घे; पाते मोडले तर मोडू दे.

तुझ्या खोलीतल्या मित्राला वस्तरा वापरून पाहायचा आहे असे तू म्हणालास. कृपा करून देऊ नकोस. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो आणि न दिसणाऱ्या जखमेतूनही शिरतो. 1990 च्या दशकात आपण दुकानात दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड घालायला लागलो ते याच भीतीने, आणि त्याच वेळी आजोबांनी हा वस्तरा पुसून, तेल लावून धोकटीत ठेवला, तो तुला मिळेपर्यंत तेथेच होता.

दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस वेळा फिरव, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पाते पाठीवरच उलटव. दाढी झाल्यावर पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ते मिटू नकोस. धार लावायच्या दगडावर मात्र तू स्वतः पाते लावू नकोस. त्याची धार आता दगडाला आली आहे, हे फोनवर त्याच्या आवाजावरून मला जाणवले. चांगल्या धारेचा खुंटांवर चुरचुर आवाज येतो, तुझा घासल्यासारखा येत होता. बोथट पात्यावर दाब पडतो आणि अवघड जागी दाबच घात करतो.

पात्याच्या मुळाशी 'सोलिंगेन' असे कोरले आहे. 1938 पासून तेथल्या कायद्याने हे नाव त्याच भागात घडवलेल्या पात्यांसाठी राखून ठेवले आहे, आणि तुझ्या कोलोनपासून ते गाव अगदी जवळ आहे. वस्तऱ्याला धार लावून देणारे कारागीर तेथे आजही आहेत. एखाद्या शनिवारी जा आणि कारागिराकडून धार लावून घे. त्याने पाते दगडावर कसे धरले, किती दाब दिला आणि शेवटी धार कशी पारखली, ते जवळ उभे राहून नीट पाहा आणि मला लिहून कळव. मी ते गाव आजवर फक्त पात्यावर वाचले आहे.

तुझे,
बाबा