उलट्या जहाजातली वर जाणारी वाट

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवाच मिळालं. पटकथेच्या वर्गाला ‘द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’ हा उलटलेल्या जहाजावरचा चित्रपट दाखवायचं ठरवलंस, हे फार छान केलंस. जोडीला त्याचा दुसरा भाग, ‘बियाँड द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’, दाखवावा की नको असं विचारलंयस. माझं मत आहे, जरूर दाखव. उत्तम पटकथा पाहून मुलं भारावतात, पण ती कशाच्या आधारावर उभी आहे हे त्यांना कळतंच असं नाही. तोच आधार काढून घेतलेली दुसरी पटकथा शेजारी ठेवली की लगेच कळतं.

दुसरा भाग कशामुळे पडला, हे आधी नीट सांगतो. पैसा कमी पडला असं म्हणायला जागा नाही, कारण पहिल्यापेक्षा जास्तच ओतला होता. नटसंच बघ: मायकल केन, कार्ल मॉल्डन, टेली सावालास, पीटर बॉइल, जॅक वॉर्डन, शर्ली नाइट. सॅली फील्डला तर त्याच वर्षी, १९७९ मध्ये आलेल्या ‘नॉर्मा रे’साठी ऑस्कर मिळालं. पहिल्या भागाचा निर्माता अर्विन अ‍ॅलन इथे स्वतः दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला होता. (पहिला भाग रोनाल्ड नीमने दिग्दर्शित केला होता, हे मुलांना सांग. नीम मुळात छायाचित्रकार, आणि ते चौकटीत दिसतं.) म्हणजे सामग्री सगळी होती. हरवली ती वाट. उलट्या जहाजात ‘वर’ कुठे आणि ‘खाली’ कुठे, हेच दुसऱ्या भागात प्रेक्षकाला कळत नाही.

आता पहिला भाग बघ. नववर्षाच्या रात्री समुद्राच्या तळाशी भूकंप होतो, प्रचंड लाट येते आणि जहाज पालथं होतं. पण ते पालथं का होतं, हे कथेने लाट येण्याआधीच सांगून ठेवलंय. टाक्यांत नीरम, म्हणजे बॅलास्टचं पाणी, भरून घ्यायचं कप्तानाच्या मनात आहे. कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो वेळ नाही, पूर्ण वेगाने चला. तळाला वजन नसलं की जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. जहाज कललं की पाणी त्याला ज्या जोराने सरळ ढकलतं, तो जोर त्याच प्रमाणात कमी होतो. एका मर्यादेपलीकडे कललं की तेच पाणी त्याला पालथं करायला मदत करतं. मुलं कोकणातली असतील तर त्यांना ‘रामदास’ बोट ऐकून माहीत असेल. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट भर पावसाळ्यात कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. वजन कुठे आहे यावर बोटीचं जगणं-मरणं ठरतं, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही.

लाटेची कल्पनाही हवेतली नाही. ‘क्वीन मेरी’ हे जहाज डिसेंबर १९४२ मध्ये हजारो सैनिक घेऊन अटलांटिक ओलांडत होतं. एका लाटेने ते साधारण ५२ अंश कललं आणि कसंबसं सावरलं. चित्रपटातल्या जहाजाचं मॉडेल याच ‘क्वीन मेरी’वर बेतलेलं आहे आणि काही चित्रीकरण प्रत्यक्ष तिच्यावरच, लाँग बीचला झालंय.

जहाज उलटलं की कथेला एकच नियम मिळतो. तळ वर आला, म्हणून सुटका वर. पाणी खालून चढतंय, म्हणून थांबायचं नाही. आणि शेवटचं ठिकाण एका लहान मुलाच्या तोंडून आधीच कळतं: जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यापाशी जहाजाचा पत्रा फक्त एक इंच जाडीचा आहे. एवढं हाती आलं की पुढच्या प्रत्येक प्रसंगात आपण मनाशी हिशोब करत राहतो, अजून किती वर, अजून किती मागे. नकाशा न दाखवता नकाशा डोक्यात बसवलाय.

भोजनगृहाचा प्रसंग मुलांना दोनदा दाखव. जमिनीला ठोकलेली टेबलं आता डोक्यावर लटकतायत. टेबलाला लोंबकळलेला एक माणूस सुटतो आणि पूर्वी छत असलेल्या काचेच्या चौकटीवर आदळतो. स्वयंपाकघराचं दार उंच भिंतीत गेलंय. शिडी नाही. मग सणासाठी उभं केलेलं ख्रिसमसचं झाड आडवं पडलंय, तेच उभं करून त्याच्या फांद्यांवरून चढायचं. सजावटीची वस्तू शिडी झाली! पटकथेत वस्तू कशी कामाला लावायची, याचा याहून साफ नमुना मला माहीत नाही. बाकीचे लोक पर्सरचं, म्हणजे प्रवाशांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याचं, ऐकून तिथेच थांबतात. पाणी आत घुसतं आणि झाडावर चढायला झुंबड उडते, तेव्हा झाड कोसळतं.

त्या दालनातून दहाजण निघतात. स्वयंपाकघर, ‘ब्रॉडवे’ म्हणतात तो लांबच लांब बोळ, विहिरीसारखी उभी पोकळी (शाफ्ट), पाण्याने भरलेला रस्ता, मग इंजिनघर. वाटेत दुसरा एक घोळका जहाजाच्या डॉक्टरच्या मागे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, चाललेला भेटतो आणि पाद्री स्कॉट पिछाडीकडे चला म्हणून भांडतो. हा वाद म्हणजे चित्रपटाचा कणा. कोण बरोबर हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नाही, पण दिशा दोनच आहेत आणि प्रेक्षकाला दोन्ही कळतात. वाटेत चारजण जातात: त्या उभ्या पोकळीत पडलेला वेटर एकर्स, पाण्याखालून पोहून स्कॉटला सोडवणारी आणि लगेच हृदय बंद पडून गेलेली बेल रोझन, इंजिनघरात शेवटच्या टप्प्यावर पडलेली लिंडा रोगो, आणि वाफेच्या झडपेच्या चाकाला लोंबकळून ते बंद करणारा स्कॉट. सहाजण उरतात. पत्रा कापून त्यांना बाहेर काढतात, तेव्हा वाचलेले एवढेच. या सहा आकड्याची किंमत आपण पूर्ण चित्रपटभर चुकती केलेली असते.

बेलचं पोहणं शिकवताना एक मुद्दा सोडू नकोस. ती पूर्वी न्यूयॉर्कमध्ये पाण्याखाली पोहण्यात अजिंक्य होती, हे आधी बोलण्याच्या ओघात येऊन जातं. सगळ्यांना ओझं वाटणारी ती जाड बाई, दोर अडकला की मी जाते म्हणते. शेली विंटर्सला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगाच नाही.

आता दुसरा भाग. वादळात माल गमावलेली ‘जेनी’ ही टगबोट (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट), तिचा कप्तान टर्नर, त्याचा साथीदार विल्बर आणि बोटीवरची सेलेस्ट उलट्या पोसायडनपाशी येतात आणि ज्या भोकातून ते सहाजण निघाले, त्यातूनच आत उतरतात. तिजोरीतल्या पैशासाठी. पाठोपाठ डॉक्टर म्हणवणारा स्वेवो येतो, त्याला प्लुटोनियम हवंय. आत शिरल्यावर मागची वाट ढासळते.

इथेच सगळं निसटलं. पहिल्या भागात माणसं अडकली म्हणून चढत होती, इथे ती आपणहून खाली उतरली. खाली उतरायचं आणि मग वर यायचं, हेही चाललं असतं, विहिरीत उतरण्यासारखं. पण बोळ, खोल्या, शिड्या यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. पाणी किती चढलं, तिजोरी कुठल्या मजल्यावर, बाहेर पडायची जागा तिथून किती दूर, काही कळत नाही. मग ताण कुठून आणायचा? बंदुका आणल्या. समुद्र बाजूला पडला आणि स्वेवोची टोळी शत्रू झाली. गोळीबार कुठल्याही गोदामात करता येतो, त्याला जहाज उलटं असायची गरज नाही.

दुसरं दुखणं आकड्याचं. आत भराभर जिवंत माणसं भेटू लागतात: परिचारिका, मुलीला शोधणारा मॅझेटी, त्याची मुलगी, लिफ्ट चालवणारा पोरगा, वाईनची बाटली छातीशी धरलेला टेक्स, आंधळा हॅरॉल्ड आणि त्याची बायको हॅना. तसं असेल तर स्कॉट ज्या दिशेसाठी भांडला, ज्यासाठी मेला, तिचा अर्थ काय उरला? वर न जाताही माणसं सुखरूप राहत होती की! दुसऱ्या भागाने पहिल्याचं भांडवल खाल्लं ते असं.

यातही एक सोन्यासारखी पात्रयोजना वाया गेलीय, तिचं मला खरंच वाईट वाटतं. अंधारलेल्या उलट्या जहाजात आंधळा माणूस! डोळस लोकांची दिशा चुकते, याची चुकत नाही. हाताने पाइप चाचपून, गरम-गार ओळखून, आवाजावरून पाणी कुठे आहे ते तो सांगू शकला असता. जॅक वॉर्डनसारखा नट हाताशी असून त्याला फक्त हात धरून नेतात.

तिसरी चूक तांत्रिक आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी संधी तिथेच होती. उलटं जहाज तरंगतं ते आत कोंडलेल्या हवेवर. पाण्यात बादली पालथी दाबून बघ, आतली हवा तिला वर ढकलते. आणि खोल जाशील तशी हवा दाबली जाते. १० मीटर खोलीवर तिचा आकार निम्मा होतो. आता बादलीच्या बुडाला, म्हणजे वरच्या बाजूला, खिळ्याने भोक पाड. सूं करून हवा जाईल आणि बादली बुडेल. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात ‘ओक्लाहोमा’ ही अमेरिकन युद्धनौका पालथी झाली, तेव्हा आतून ठोकल्याचे आवाज येत होते. गोदीतले कामगार तळावर चढून पत्रा कापू लागले. गॅसच्या ज्योतीने कापलं तर आतली हवा खराब होऊन माणसं गुदमरतात, म्हणून हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या वापरल्या. भोक पडलं की हवा बाहेर सुटायची आणि आतलं पाणी चढू लागायचं, म्हणून घाई करावी लागायची. अशा रीतीने ३२ जण वाचले.

पहिला भाग पत्रा कापल्यावर संपतो, त्यामुळे हा प्रश्न त्याला भेडसावत नाही. दुसरा भाग त्याच भोकातून सुरू होतो आणि हवेबद्दल अवाक्षर काढत नाही. जलरोधक दारं बंद असती तर फक्त त्या एका कप्प्यातली हवा गेली असती, हे मान्य. पण हे लोक एकेक दार उघडत आत जातात! प्रत्येक उघडलेलं दार म्हणजे गेलेली हवा, म्हणजे आणखी बुडालेलं जहाज. तिजोरीकडे जाणाऱ्या प्रत्येक पावलाची किंमत अशी मोजता आली असती.

बुडत्या मालावरच्या हक्काचंही तसंच. टर्नरला वाटतं सापडेल ते आपलं. प्रत्यक्षात माल मूळ मालकाचाच राहतो. संकटातून वाचवणाऱ्याला त्याच्या किमतीतून मोबदला मिळतो, तोही माल खरंच वाचला तर. काम फत्ते नाही तर दमडी नाही. नुसती माणसं वाचवली तर त्या मालमत्तेतून वेगळा मोबदला सहसा मिळत नाही. बघ, टर्नरसमोर खरी कोंडी इथे तयार होती: पोतं उचलू की माणूस? पटकथा तिला हात लावून पुढे निघून जाते.

वर्गासाठी असं कर. एक मोठा चार्ट पेपर आडवा घे, उलट्या जहाजाचा उभा छेद काढ, नाळ डावीकडे, पंखे उजवीकडे वर. पाण्याची रेघ पेन्सिलने काढ, म्हणजे खोडून वर सरकवता येईल. दहा नावांच्या दहा चिठ्ठ्या कर. पहिला भाग बघताना प्रत्येक प्रसंगानंतर थांबव आणि मुलांनाच चिठ्ठ्या हलवायला लाव. भांडण होणार नाही, जागा सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्या दिवशी तोच कागद, नव्या चिठ्ठ्या, दुसरा भाग. तिजोरीच्या खोलीपर्यंत पोचेतो मुलं आपसांत वाद घालू लागतील की हे लोक नेमके आहेत कुठे. तिथे चित्रपट बंद कर. उरलेला त्यांना लिहायला दे. अट दोनच: बंदूक वापरायची नाही आणि प्रत्येक दार उघडल्यावर पाण्याची रेघ बोटभर वर सरकवायची.

हॅरॉल्डची चिठ्ठी वेगळ्या रंगाची ठेव. कुणीतरी त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवतंय का, ते बघ आणि मला कळव.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
अनंत