डिपॉझिट भरायच्या आधी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेलं वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक मिळालं. निवृत्त झालात तरी हिरवी शाई काही सुटलेली नाही! बाग, वाचनालय, गुरुवारचं भजन, खोलीला स्वतंत्र बाल्कनी, सगळ्यावर तुमची बरोबरची खूण आहे. चौदाव्या अटीवर मात्र काहीच नाही. ती पुन्हा एकदा वाचा. ‘निवासी स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करण्यास सक्षम असावा. परावलंबित्व आल्यास नातेवाइकांनी त्यास पंधरा दिवसांत घेऊन जावे.’ म्हणजे आई आपल्या पायाने हिंडतेय तोवर तिला ठेवून घेणार आणि पडून राहिली की मला फोन करणार. पडून राहिल्यावरच तर आपल्याला त्यांची गरज लागणार आहे.

घर सोडायचं हे तुम्ही दोघांनी ठरवलंत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. दादा व्हिडिओ कॉलवर ‘लोक काय म्हणतील’ म्हणाला, ते तुम्हीही मनावर घेऊ नका. लोक रात्री अडीच वाजता आईला उठवून बाथरूमला न्यायला येत नाहीत. माझं म्हणणं फक्त निवडीबद्दल आहे. तुम्ही आजच्या तुमच्यासाठी जागा बघताय. मला ती अशा माणसासाठी बघायचीय, ज्याला हाक मारता येणार नाही आणि तक्रारही करता येणार नाही.

म्हणून मी सध्या रविवारी पुण्याच्या आसपासच्या संस्था बघत फिरतेय. सगळीकडे क्रम एकच: ऑफिस, बाग, डायनिंग हॉल. मी म्हणते, अंथरुणाला खिळलेल्यांचा हॉल दाखवा. तिथे निम्मे व्यवस्थापक अडखळतात. ‘आत्ता साफसफाई चाललीय’, ‘आत्ता त्यांची झोपायची वेळ आहे’. एका ठिकाणी मात्र बाईंनी सरळ चावी उचलली आणि ‘चला’ म्हणाल्या. हॉल काही देखणा नव्हता. रंग उडालेला, पंखे जुने. पण वास नव्हता, आणि फिनेलचाही भपकारा नव्हता. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला: किती वाजता कूस बदलली, डावी की उजवी, पाणी किती प्यायलं, लघवी झाली का. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडावर आणि टाचांवर आधी लाल चट्टा येतो. बोटाने दाबल्यावरही तो फिका न पडता लालच राहिला तर समजायचं, जखम सुरू झाली. पुढे ती हाडापर्यंत जाऊ शकते. बाईंनी एका आजोबांची टाच मला स्वतःहून दाखवली. ‘आमच्याकडे आले तेव्हाची आहे, आता भरत आलीय’ म्हणाल्या. अशी जखम लपवणारी जागा मला नको, दाखवणारी चालेल.

पाण्याचं मी दोनदा विचारते, कारण म्हातारपणी तहानच कमी लागते. त्यात ‘पाणी पाजलं की डायपर बदलावे लागतात’ हा हिशोब काही ठिकाणी चालतो, तोंडाने कुणी म्हणत नाही एवढंच. पाणी कमी पडलं, लघवीला जंतुसंसर्ग झाला की चांगलं बोलतं-चालतं माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं वागायला लागतं. मग ‘आजी रात्री त्रास देतात’ म्हणून झोपेची गोळी.

आणि इथेच आईचा प्रश्न येतो. आई, रागावू नकोस, तुझ्याबद्दल तुझ्यासमोर लिहितेय. तुझी पार्किन्सनची गोळी, सिंडोपा, सातला, अकराला, तीनला, सातला. बाबा गजर लावून देतात म्हणून अर्धा तासही चुकत नाही, आणि चुकली तर पाय कसे जमिनीला चिकटतात ते तुलाच माहीत. बहुतेक संस्थांत औषधं ‘सकाळ-दुपार-रात्र’, जेवणाच्या ताटाबरोबर देतात. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांना ते चालून जातं, तुझ्या गोळीला नाही. डाळ-दूध-दह्यातल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. मी प्रत्येक ठिकाणी एकच विचारते: अकराची गोळी अकराला कोण देणार, आणि त्या बाईंची सुट्टी असेल त्या दिवशी कोण? ‘मॅडम, आमच्याकडे सगळं वेळेवर असतं’ हे उत्तर मी नापासात धरते. चावीवाल्या बाईंनी औषधांची वही उघडून दाखवली. वेळ, सही, आणि एका रकान्यात ‘घेतली नाही, थुंकली’ असंही लिहिलेलं. थुंकल्याची नोंद ठेवणाऱ्या वहीवर माझा विश्वास बसतो.

अजून एक, हे मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावायचं. पार्किन्सनच्या माणसाला मळमळीवर मेटोक्लोप्रामाइड (पेरीनॉर्म म्हणतात ते) आणि अस्वस्थपणावर हॅलोपेरिडॉल द्यायचं नसतं, थरथर आणि ताठरपणा वाढतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असतंच. रात्री फोनवर ‘इंजेक्शन देऊन टाका’ म्हणणाऱ्याला पेशंट कोण ते आठवेलच असं नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, ‘सरकारी मान्यता असेलच ना?’ धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी असते, ती ट्रस्टची. रात्री चाळीस माणसांमागे किती मावश्या, हे त्यात नसतं. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुख्यतः मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्यासाठी (तोही महिना 10,000 रुपयांपर्यंत), आणि वृद्धाश्रमांबद्दल त्यात आहे ते निराधारांसाठी: जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय. खासगी संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, ते मंजूर न होताच राहिलं. महारेराने (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले. लिफ्ट, रॅम्प, दार किमान 900 मिलिमीटर रुंद. बांधकाम खात्यातल्या माणसाला आवडेल असंच आहे ते सगळं, पण दाराची रुंदी मोजता येते, आत शिरणाऱ्या बाईचा हात कसा आहे ते कोण मोजणार? आणि सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड दोघांचं काढून घ्याच. वर्षाला 5 लाखांपर्यंतचं आहे. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं, महिन्याच्या देखभालीला त्याचा उपयोग नाही.

त्यामुळे शेवटी मी मावश्यांशीच बोलते, व्यवस्थापक फोनवर गुंतले की. किती वर्षं आहात? पगार संस्था देते की बायका पुरवणारा ब्युरो? बारा तासांची ड्युटी करून लगेच रात्रपाळी लावतात का? ब्युरोच्या बायका महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असतील तर आईचं गिळायला अडखळणं कुणाला कळणार? घोट घोट पाणी, हनुवटी थोडी खाली, घास छोटा, हे हाताला सवयीनेच येतं. चावीवाल्यांकडे दोघी मावश्या दहा वर्षांपासूनच्या आहेत. त्यातली एक एका आजींना भरवत होती, स्टुलावर बसून. बाकी बऱ्याच ठिकाणी उभ्यानेच भरवतात, पुढच्या कॉटकडे बघत.

चावीवाल्यांचं भाडं तुमच्या पत्रकापेक्षा जास्त आहे आणि बाग म्हणजे चार कुंड्या. रात्रीचं जेवण सव्वासातला, सकाळचा चहा साडेसहाला, हे मला पटलेलं नाही. झोपताना दूध-बिस्किटं देता का विचारलं, तर ‘बघू’ म्हणाल्या. आईच्या गोळीचं आणि दुधाचं गणित तिथेही बसवावं लागेल.

तर डिपॉझिट भरू नका. दोघांनी आधी महिनाभर चावीवाल्या बाईंकडे पाहुणे म्हणून राहा, ते तयार आहेत. सातारचं घर तोवर बंद करायचं नाही, भाड्याने द्यायचं तर अजिबात नाही. मी मधल्या वारी, न सांगता, संध्याकाळी सातनंतर येऊन बघणार. आई, तुला तिथे नाही आवडलं तर कारण सांगायची गरज नाही.

तुमची,
सुमा

ता. क. बाबा, त्या पत्रकवाल्यांना फोन करून चौदाव्या अटीतला ‘परावलंबित्व’ हा शब्द कोण ठरवतं ते विचारा. डॉक्टर की ऑफिस? उत्तर लेखी मागा, हिरव्या शाईत.