लिनक्सवरील डायल-अप लॉगिन आणि ‘चुकीचा पासवर्ड’

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लिनक्स संगणकावरून डायल-अप (टेलिफोन लाइनवरून इंटरनेटची) जोडणी घेताना लॉगिन फसले, की सेवा देणाऱ्यांच्या मदत केंद्रातून बहुधा दोनच उत्तरे मिळतात: पासवर्ड चुकला असेल, नाहीतर लिनक्सवर आमची सेवा चालत नाही. यातले दुसरे उत्तर तर पटणारेच नाही, कारण पीपीपी (अशा लाइनवरून दोन संगणकांनी बोलण्याचे नियम) आणि त्यातील पॅप व चॅप या ओळख पटवण्याच्या पद्धती कोणत्याही एका संगणकप्रणालीच्या मालकीच्या नाहीत. आरएफसी १३३४ या इंटरनेटच्या नियमांविषयीच्या १९९२ च्या खुल्या दस्तऐवजात पॅप आणि चॅप सविस्तर दिलेल्या आहेत.

या उत्तरांपायी माझे तीन दिवस गेले. मोडेम नंबर फिरवी, पलीकडून शिट्टी येई, जोडणीचा वेगही दिसे आणि काही सेकंदांत लाइन तुटे. अखेर पीपीपीडीला (लिनक्सवर पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामला) ‘डीबग’ हा सविस्तर नोंदींचा पर्याय देऊन लॉग, म्हणजे त्या नोंदी, वाचला, तेव्हा पॅपची विनंती आणि तिच्याखाली ‘ऑथनॅक’ असा नकार दिसला. म्हणजे मोडेम आणि लाइन यांत दोष नव्हता. माझ्या पासवर्डात ‘#’ हे चिन्ह होते. पॅपसाठीचे पासवर्ड ज्यात लिहितात त्या पॅप-सिक्रेट्स फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या ‘#’ पासून पुढचा मजकूर टिप्पणी समजून सोडून दिला जातो, त्यामुळे अर्धाच पासवर्ड पलीकडे पोहोचत होता, आणि लॉगमध्ये पासवर्ड झाकून दाखवला जात असल्याने ते कळायलाही मार्ग नव्हता. दुहेरी अवतरणांत पासवर्ड लिहिताच जोडणी मिळाली.

नकारच आला नाही आणि एलसीपीच्या (ओळख पटवण्याआधी जोडणीच्या अटी ठरवणाऱ्या पीपीपीच्या भागाच्या) विनंत्या अनुत्तरित राहिल्या, तर मात्र पासवर्डाला हात लावू नये. पलीकडे पीपीपी सुरूच झालेले नसते. डब्ल्यूव्हीडायल हा नंबर फिरवून पीपीपीडी सुरू करणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी अशा वेळी ‘स्टुपिड मोड’ चालू करून पाहावा, म्हणजे लॉगिनच्या सूचनेची वाट न पाहता पीपीपीडी थेट सुरू होते. समोरच्या यंत्रणेने स्वतःची ओळख पटवावी, असा संदेश आपल्याच संगणकाने दिला, तर पीपीपीडीला ‘नोऑथ’ (ती मागणी करू नये) हा पर्याय द्यावा लागतो.

सेवा देणाऱ्यांना विनंती आहे, की ओळख पॅपने पटवायची की चॅपने, आणि वापरकर्त्याच्या नावापुढे डोमेन (‘@’ नंतरचा भाग) जोडायचे की नाही, एवढे तरी नोंदणीच्या कागदावर छापावे, आणि मदत केंद्राने पासवर्ड बदलायला सांगण्याआधी लॉगच्या शेवटच्या ओळी वाचून दाखवायला सांगाव्यात.

आपला,
एक लिनक्स वापरकर्ता