नेम चुकला की रस्ता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिसांच्या फायरिंग रेंजवरची गोळी लागून बायपासवर गाडीची काच फुटल्याची कालची बातमी वाचली. चौकटीत तुमच्या वार्ताहराने ‘नवख्या पोलिसाचा नेम चुकला’ असा निकालही देऊन टाकला. खात्याची चौकशी अजून व्हायची आहे, तुमची झाली. अभिनंदन.

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. दरवर्षी फायरिंगला गेलो, खात्यातल्या नव्या पोरांना घेऊनही गेलो. नवख्याचा नेम चुकतो म्हणूनच त्याला रेंजवर नेतात ना? चुकलेली गोळी अडवायला टार्गेटच्या मागे मातीचा उंच बट असतो आणि बटामागे मोकळी जमीन सोडलेली असते. इन्सास रायफलचा प्रभावी पल्ला ४०० मीटर, हे आमच्याकडून पाठ करून घेत. पण गोळी काही तिथे मुक्काम करत नाही, अडली नाही तर तीनेक किलोमीटर जाऊ शकते. मग त्या मोकळ्या जमिनीतून बायपास कोणी काढला? त्याला लागून एनए प्लॉट कोणी पाडले? त्या पोराने?

भूसंपादनाच्या वेळी विहिरी मोजल्या, आंब्याची झाडं मोजली. एवढा मोठा बट तेवढा कोणाला दिसला नाही. आणि बट तरी काय अवस्थेत आहे! पावसाळ्यात माती वाहून जाते, दगड उघडे पडतात, आजूबाजूची पोरं भंगारात विकायला शिसं उकरतात. दगडावर आपटलेली गोळी कुठे उसळेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, नेम कितीही बरोबर असो. मुरूम टाकायचा प्रस्ताव दर उन्हाळ्यात वर जायचा आणि वरच राहायचा.

बायपास सुरू झाला त्या वर्षी बटामागे लाल झेंडा घेऊन उभं राहायची ड्युटी माझ्याकडे होती. पूर्वी तिकडून मेंढरंवाले जायचे, जळणाला निघालेल्या बाया जायच्या. हाक मारली की थांबत. आता सुसाट गाड्या. वऱ्हाडाची एक जीप कशीबशी थांबवली तर ड्रायव्हर म्हणतो, “काय मामा, रेल्वे येतीय का?” आतली सगळी खिदळली. वायरलेसवरून फायर थांबवा म्हणालो, तर पलीकडून उत्तर आलं, “साहेब आलेत, एवढी डिटेल उरकू द्या.” डिटेल म्हणजे एका वेळी फायर करणारी तुकडी. त्याच दुपारी रस्त्याकडेच्या रसवंतीच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं. गोळी एका अंगाने गेली, दुसऱ्या अंगाने बाहेर. रसवंतीवाल्याला अर्ज मीच लिहून दिला. त्याला विचारण्यात आलं, “गोळी आणलीय का?” नव्हती. मग दगड लागला असेल, म्हणाले. टाकीच्या आरपार जाणारा दगड मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

त्या संध्याकाळी झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या मोजल्या तर एक कमी भरली. अख्खी तुकडी गवतात उकिडवी बसून बॅटरीच्या उजेडात शोधत होती. सापडली, जमा झाली, रजिस्टरला नोंद झाली. पितळेच्या त्या रिकाम्या नळीचा हिशोब असा चोख. गोळी कुठे गेली, याचा रकाना त्या रजिस्टरात नव्हताच.

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात नार्थामलईला ३० डिसेंबर २०२१ रोजी आजोबांच्या घरी जेवायला बसलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात रेंजवरून आलेली गोळी घुसली. ३ जानेवारीला तो गेला. मग रेंज बंद केली. आपल्याकडे काचेवर भागलं म्हणून ‘सुदैवाने जीवितहानी नाही’ एवढं लिहून तुम्ही मोकळे. कॅलिफोर्नियात १८ ऑक्टोबर २०२५ ला मरीन सैन्याच्या समारंभात तोफा महामार्गावरून पलीकडे डागायच्या होत्या. तिथल्या गव्हर्नरने रस्त्याचा १७ मैलांचा पट्टा बंद केला, तर त्यावरून राजकारण पेटलं. पुढे एक गोळा वेळेआधीच फुटला आणि त्याचे तुकडे पोलिसांच्याच गाडीवर पडले. रस्ता वाहता असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. आपल्याकडे रस्ता बंद करायला फक्त मंत्र्यांचा ताफा लागतो.

बटाची उंची वाढवून मुरूम पडेपर्यंत तिथलं फायरिंग दुसरीकडे हलवावं, एवढीच मागणी आहे. त्या पोराला निलंबित करून काच जोडली जाणार नाही.

आता निघालंच आहे तर तुमच्याबद्दलही थोडं. फायरिंगच्या तारखांची जाहीर सूचना तुमच्याच अंकात येते. कुठे? आतल्या पानावर, तळाशी, ‘नावात बदल’ आणि ‘मूळ खरेदीखत गहाळ’ यांच्या मधे, मुंगीच्या अक्षरात. शेजारी अर्धं पान कसली जाहिरात असते? त्याच बायपासवरच्या प्लॉटांची, ‘शांत व निसर्गरम्य परिसर’. ती सूचना जरा मोठ्या टायपात आणि पहिल्या पानावर छापायला काय दर पडतो तेवढा कळवावा, पेन्शनरांच्या संघटनेत वर्गणी काढून आम्ही भरू.

आपला,
एक निवृत्त पोलीस हवालदार
(नाव छापू नये ही विनंती. मुलगा खात्यात आहे.)