भुरीसाठी, जरा सविस्तर

प्रिय मेधा,

तुझं पत्र मिळालं. भुरी कुत्रीला घरी आणलंस हे वाचून फार आनंद झाला आणि तिच्या तक्रारींची यादी वाचून काळजीही वाटली. अंगाला खाज, कानाला वास, ताटलीजवळ गेलं की गुरगुरणं, कमरेला हात लागला की दात दाखवणं, एकटी राहिली की दार ओरबाडणं. स्वभावापासून सुरुवात करू की आजारापासून, असं तू विचारलं आहेस. माझं उत्तर ठाम आहे: आधी शरीर. ज्या जनावराला दुखतंय त्याला काही शिकवता येत नाही, आणि तू लिहिलेल्या प्रत्येक वागण्यामागे दुखणं असू शकतं.

कमरेचंच घे. हात लागला की दात दाखवते म्हणून ती रागीट ठरत नाही. खुब्याचा सांधा, पाठीचा कणा, कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं हाड, अगदी तुंबलेल्या गुदग्रंथीसुद्धा याच्या मुळाशी असू शकतात. जिना चढताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलते का, बसताना एका कुशीवर कलते का, झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं आखडून टाकते का, हे बघ. फोन तिच्या उंचीवर धरून चालतानाचं चित्रण कर: समोरून, मागून आणि बाजूने. दवाखान्यात भीतीमुळे कुत्री लंगडणं लपवतात, म्हणून हे घरचं चित्रण डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतं. तपासणीत काही ठोस सापडलं नाही, तरी किडनी आणि यकृताची रक्ततपासणी करून काही आठवडे वेदनाशामक देऊन पाहता येईल का, हे जरूर विचार. त्या काळात ती हात लावू देऊ लागली, तर उत्तर मिळालंच. माणसांच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. आयब्युप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होते. पॅरासिटामॉलने यकृताला आणि रक्ताला इजा होते. ती कुठलं स्टेरॉइड घेत असेल तर तेही आधी सांग, कारण स्टेरॉइड आणि सूज उतरवणारी वेदनाशामकं एकत्र दिली तर आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो.

पहिल्या भेटीत प्लेटलेटसह रक्त, गोचीडतापाची आणि हृदयातल्या जंतांची चाचणी, शौच आणि त्वचा खरवडून तपासणी, एवढं करून घे. जंतांसाठी फेनबेंडाझोल दिलं तर त्याचं नेहमीचं प्रमाण किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग ३ दिवस असं असतं. म्हणजे १४ किलोच्या भुरीला रोज ७०० मिलिग्रॅम, खाण्याबरोबर. पिसवांमुळे होणारा पट्टकृमी मात्र याने जात नाही. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर प्राझिक्वांटेल लागतं, आणि पिसवा गेल्या नाहीत तर तो परत येतो. एर्लिकिया, म्हणजे गोचीडतापाचा जंतू, निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. ताप एकदोन दिवसांतच उतरतो आणि लोक गोळ्या थांबवतात. तू थांबवू नकोस. गोळी रिकाम्या पोटी नको, आणि वर पाणी पाज; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

खाजेवर घाईने स्टेरॉइड घेऊ नकोस. त्याने प्रतिकारशक्ती दबते, आणि ती दबली की त्वचेतले डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे वाढतात, म्हणून आधी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवी. खरजेचे किडे तपासणीत अनेकदा सापडतच नाहीत. तुझ्याही हातांना खाज सुटली असेल तर तेवढ्या संशयावरही डॉक्टर उपचार सुरू करतात. क्लोरहेक्सिडीनचा शांपू दिला तर फेस १० मिनिटं अंगावर राहू दे, घड्याळ लावून. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांपैकी आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या झटके येणाऱ्या कुत्र्याला देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. कानात काडी घालू नकोस आणि पडदा शाबूत आहे हे बघितल्याशिवाय थेंबही नकोत.

वजन वाढवण्याची घाईही नको. बरगड्या, पाठीचे मणके, कमरेची हाडं सगळी लांबूनच दिसत असतील आणि बरेच दिवस उपाशी राहिल्याचं माहीत असेल, तर भरपेट जेवण धोक्याचं आहे: रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली जातं आणि हृदय बंद पडू शकतं. स्वस्थ पडून असताना शरीराला दिवसाला किती ऊर्जा लागते, ते काढायची सोपी रीत अशी: किलोतलं वजन गुणिले ३०, अधिक ७०. १४ किलोला ४९० किलोकॅलरी. अतिकृश कुत्र्याला पहिल्या दिवशी त्याचा पाव भाग, तोही ४ ते ६ वेळा विभागून, मग डॉक्टरांच्या नजरेखाली चारपाच दिवसांत पूर्ण. नुसती बारीक असेल तर ४९० पासून सुरू करून दर आठवड्याला वजन बघत वाढव.

आता ताटली. जेवताना हात घालून तिला ‘सवय लावायची’ असा सल्ला तुला नक्की मिळेल. तो ऐकू नकोस. त्यातून ती एवढंच शिकते की माणूस जवळ आला की अन्न जातं. उलटं कर. ती गुरगुरत नाही, अंग ताठ करत नाही, खाण्याचा वेग वाढवत नाही, इतक्या अंतरावरून जा आणि ताटलीतल्यापेक्षा चविष्ट काहीतरी तिच्याकडे टाकून निघून जा. थांबायचं नाही, बोलायचं नाही. तुला पाहून ती मान वर करून वाट बघू लागली की एक पाऊल जवळ. खाताना ती एकदम थिजली, तर तू जास्त जवळ गेलीस. ते थिजणं गुरगुरण्याहून गंभीर समज. आणि गुरगुरली म्हणून कधी ओरडू नकोस. गुरगुरणं दाबलं तरी भीती जात नाही, फक्त इशारा जातो, आणि मग कुत्रं थेट चावतं. घरात लहान मुलं येणार असतील तर तिचं जेवण बंद दाराआड.

एकटेपणाचं काम सगळ्यात जास्त चिकाटीचं आहे. आधी फोन ठेवून बाहेर जा आणि चित्रण बघ. खरी घाबरणारी कुत्री बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकतात, लाळ गाळतात, दाराशी झटतात. कंटाळलेलं कुत्रं आधी झोपतं, मग काहीतरी कुरतडतं. घाबरत असेल तर पिंजऱ्यात कोंडू नकोस, दात आणि नखं तुटतात. तिला सहन होतो तेवढाच वेळ बाहेर, मग तो १० सेकंद का असेना, आणि ती शांत असतानाच परत. २०, १५, ४०, ३० सेकंद अशी उलटसुलट वेळ ठेव, दर वेळी वाढवत नेऊ नकोस. सरावाच्या काळात तिला खरोखर एकटं सोडावं लागू नये म्हणून कुणीतरी सोबत हवंच, कारण घाबरण्याचा एक मोठा प्रसंग कित्येक दिवसांची कमाई पुसतो. प्रगती अडली तर औषधाला लाजू नकोस. फ्लुओक्सेटीनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून ते सोडलं तर सगळं वाया. थांबवायचं झालं तरी डॉक्टरांना विचारून हळूहळू.

फिरायला नेताना पहिले काही आठवडे दोन पट्टे लाव, एक गळ्याला आणि एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. घाबरलेलं कुत्रं मागे सरकलं की एकटा हार्नेस सहज निसटतो. दुसरं कुत्रं दिसलं की भुंकत असेल तर अंतर वाढव. हातातला खाऊ तिने नाकारला, तर तू अजून फार जवळ आहेस.

जाळीच्या तोंडबंदाचा सराव आजच सुरू कर, गरज पडायच्या आधी. त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. कापडी घट्ट पट्टी नको, तिने अंग तापतं. आतून काहीतरी चाटायला लाव, तिलाच नाक घालू दे, आणि ती आपणहून नाक घालायला लागेपर्यंत मागचा पट्टा बांधू नकोस.

दवाखान्याच्या दिवशी भीती कमी करणारं औषध, बहुतेकदा गॅबापेंटिन, निघण्याच्या दीड-दोन तास आधी देता येतं. ते भेट ठरवतानाच मागून घे आणि एखाद्या निवांत दिवशी घरी आधी देऊन बघ, तोल जातो का, फार झोप येते का ते कळेल. दवाखान्यात तुमचा नंबर लागेपर्यंत बाहेर थांब. हिरड्या पांढऱ्या पडल्या, शांत झोपेतही मिनिटाला ३० हून जास्त श्वास मोजले, वा ताप ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर मात्र ठरलेल्या वेळेची वाट बघू नकोस.

तुझी,
सुनंदा

ता. क. तिने तुला चावा घेतला, अगदी खरचटलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धू आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिचं रेबीजचं लसीकरण झाल्याचा कागद नसेल, तर ते झालेलंच नाही असं धरून चाल.